कवळी, मोजा आणि ॲलिस

माझ्या टेबलाच्या तिसऱ्या खणात अण्णांची कवळी आहे. फक्त वरची. ते गेले तेव्हा दवाखान्यातून एक पिशवी हातात आली, तिच्यात चष्मा, घड्याळ, दोन रुमाल आणि ही. घड्याळ भावाने घेतलं, चष्मा आईने ठेवून घेतला, रुमाल मी वापरून वापरून विरवले. कवळीचं काय करायचं असतं हे मात्र कुणी सांगत नाही. टाकवत नाही आणि ठेवून उपयोग नाही. म्हणून गेली सहा वर्षं ती पेपरमिंटच्या रिकाम्या डबीत, कापसात गुंडाळून पडून आहे.

तंबाखूपायी अण्णांचे दात पंचेचाळिशीतच गेले. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेन. संध्याकाळी वीज गेली की कंदिलाच्या उजेडात अण्णा गंभीर चेहऱ्याने बसायचे आणि काही न बोलता जिभेने वरची कवळी ओठांबाहेर ढकलायचे. दात पुढे यायचे, आत जायचे, कटकट वाजायचे. आम्ही भावंडं किंचाळत माजघरात पळायचो. अर्ध्या मिनिटात दाराआडून तीन डोकी बाहेर यायची आणि म्हणायची, "अण्णा, परत!"

हे सगळं आठवायचं कारण एक मोजा. गेल्या हिवाळ्यात पुण्याला बहिणीकडे गेले होते. एका फिल्म क्लबात 'ॲलिस' लागणार होता. बहीण म्हणाली, "लहान मुलांचीच गोष्ट आहे, हिलाही घेऊन जा." म्हणून नऊ वर्षांच्या भाचीला घेऊन गेले. ससा, परी, चहापार्टी, गाणी असं काहीबाही डोक्यात होतं. तासाभराने पडद्यावर एका जुन्या मोज्याने कवळी लावली, काचेचे डोळे बसवले आणि तो बोलायला लागला. मी खुर्चीत ताठ झाले. शेजारी भाची खुदकन हसली.

पेटीतला ससा

लुईस कॅरलची ॲलिस आपल्या ओळखीची असते, ती बहुतेक वेळा चित्रांतून किंवा डिस्नेच्या १९५१ सालच्या रंगीत सिनेमातून. निळा झगा, सोनेरी केस, कोट घातलेला गुबगुबीत ससा. मूळ पुस्तक १८६५ सालचं. चार्ल्स डॉजसन नावाचे ऑक्सफर्डमधले गणिताचे अध्यापक. ४ जुलै १८६२ रोजी ते लिडेल घराण्यातल्या तीन बहिणींना नावेतून सहलीला घेऊन गेले आणि वेळ जावा म्हणून त्यांना एक गोष्ट सांगितली. मधल्या बहिणीने, ॲलिसने, ती लिहून द्यायचा हट्ट धरला. लुईस कॅरल हे त्यांनी लेखनासाठी घेतलेलं नाव.

मी पाहिलेला 'ॲलिस' १९८८ सालचा, चेकोस्लोव्हाकियातला. दिग्दर्शक यान श्वांकमायेर. चेक भाषेत सिनेमाचं नाव 'न्येत्सो झ अलेन्की', म्हणजे 'ॲलिसमधलं थोडंसं काही'. कॅरलची अख्खी गोष्ट जशीच्या तशी सांगणार नाही, हे नावातच कबूल करून टाकलं आहे. लांबी ८६ मिनिटं. त्यात जितीजागती व्यक्ती म्हणावी तर एकच, ॲलिस झालेली छोटी क्रिस्तिना कोहोउतोवा. बाकी सगळ्या वस्तू: बाहुल्या, हाडं, मोजे, पत्ते, कात्र्या. आणि त्या चालतात, खातात, भांडतात.

पहिल्यांदा ससा जिवंत होतो तो प्रसंग सांगते, म्हणजे या सिनेमाची जात कळेल. खोलीत एक काचेची पेटी आहे, जुन्या वस्तुसंग्रहालयांत असते तशी. आत पेंढा भरलेला पांढरा ससा, पाय खिळ्यांनी फळीला ठोकलेले. ॲलिस कंटाळून बसली आहे, चहाच्या कपात खडे टाकते आहे. डुबुक. डुबुक. तेवढ्यात पेटीत खसखस होते. ससा आपल्या पंजांतले खिळे एकेक करून उपसतो, लपवलेल्या खणातून कपडे काढतो, अंगावर चढवतो आणि मोठ्या कात्रीने काच फोडून बाहेर पडतो.

याचं घड्याळ कोटाच्या खिशात नसतं. छातीची शिवण उसवलेली आहे आणि आत लाकडाचा भुसा. त्या भुशात हात खुपसून ससा घड्याळ बाहेर काढतो, त्यावरचा भुसा चाटतो, वेळ बघतो, घड्याळ परत पोटात ठेवतो. भुसा सांडत राहतो. सांडलेला भुसा भरून काढायला पुढे एकदा तो वाटीत भुसा घेऊन चमच्याने खातो. शिवण उघडू नये म्हणून सेफ्टी पिन लावतो. आमच्या गल्लीतला गादीवाला कापूस पिंजल्यावर उशीचं तोंड शिवताना जसा मान वाकडी करतो, अगदी तस्सा. मला किळस आली आणि त्याच क्षणी त्या सशाची दयाही आली. घाईत असलेला, सतत सांडत असलेला, स्वतःला टाचून टाचून चाललेला प्राणी. शाळेत परीक्षेच्या दिवसांत आमची निम्मी शिक्षकखोली अशीच दिसते.

ॲलिस त्याच्या मागे धावते. सशाचं बीळ इथे नाहीच. ओसाड, दगडधोंड्यांच्या शेतात एक टेबल उभं आहे आणि ससा त्याच्या खणात शिरतो. ॲलिस खण ओढते तर मूठ हातात येते. सिनेमाभर हेच. जो खण उघडायला जावं त्याची मूठ निघून येते. शेवटी ती कसाबसा खण उघडते आणि आत रांगत जाते. आत काय, तर कंपासपेटीतलं सामान: पट्ट्या, गुणे, करकटक. करकटकाचं टोक तिच्या बोटात घुसतं. चाळीस वर्षांपूर्वी माझ्याही बोटात ते घुसलं होतं. आश्चर्यनगरीच्या दारात फुलं नाहीत, भूमितीचा तास आहे.

सगळे आवाज एकाच तोंडाचे

या सिनेमात पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच. जे ऐकू येतं ते वस्तूंचं: फळीची करकर, कात्रीची कचकच, घड्याळाची टिकटिक, भुशाची सरसर. कोणी बोललं की सिनेमा थबकतो आणि पडदाभर ॲलिसचे ओठ दिसतात, नुसते ओठ आणि दात. ससा काय म्हणाला, राणी काय म्हणाली, हे त्या ओठांतून येतं, आणि वाक्याच्या शेवटी ती 'असं ससा म्हणाला' एवढंही जोडते. सगळ्या पात्रांचे आवाज तिचेच.

पहिल्या पंधरा मिनिटांत मला हे फार खटकलं. सारखे ओठ, सारखे ओठ. मग एकदम लक्षात आलं की हे मी आयुष्यभर ऐकत आले आहे. ही भातुकली आहे! एकटं मूल खेळत असलं की हेच करतं. "मग आई म्हणाली, बाळा जेव. मग बाळ म्हणालं, नाही जेवत जा. मग आईने त्याला धपाटा घातला." दोन ठोकळे, एक बाटलीचं बूच आणि तुटक्या हाताची बाहुली, सगळ्यांना आवाज देणारं तोंड एकच. आणि त्या खेळातला कारभार काही गोडगोड नसतो. बाहुलीला इंजेक्शन टोचतात, उपाशी ठेवतात, पाण्यात बुडवतात, डोकं उपटतात आणि परत बसवतात. मूल हे सारं कपाळाला आठी घालून, अत्यंत मन लावून करतं.

या सिनेमाला भयपट म्हणतात ते मला तेव्हापासून पटत नाही. ही पडद्यावर मांडलेली भातुकली आहे. फक्त ती मांडणारा माणूस पन्नाशी ओलांडलेला होता आणि त्याच्याकडे घरभर जुनं सामान होतं.

कॅरलच्या गोष्टीकडे बघण्याची श्वांकमायेर यांची स्वतःची एक रीत होती. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा, की इतरांनी ॲलिसची परीकथा केली, पण ती स्वप्न आहे. परीकथेत कुणीतरी बोट उगारून शहाणपण शिकवत असतं. स्वप्नाला असली शिकवणी मान्य नसते. मनात दडलेलं ते बिनदिक्कत बाहेर काढतं. म्हणूनच त्यांच्या सिनेमात ॲलिसला कुणी काही शिकवत नाही. सिनेमा सुरू होताच ताईच्या पुस्तकाला हात लावल्याबद्दल तिला चापटी बसते, आणि त्या ताईचं तोंडसुद्धा आपल्याला दिसत नाही. त्यानंतर मोठं माणूस म्हणून कुणी नाहीच.

बोटांचा माणूस

यान श्वांकमायेर यांचा जन्म १९३४ सालचा, प्राग शहरातला. लहानपणी नाताळात त्यांना भेट मिळाली ती खेळण्यातल्या बाहुलीनाट्याची, छोटासा रंगमंच आणि बाहुल्या. चेक लोकांत बाहुल्यांच्या खेळाची परंपरा शतकांची. आपल्याकडे सिंधुदुर्गातल्या पिंगुळीला ठाकर मंडळी कळसूत्री बाहुल्या नाचवतात. तिकडे लाकडी बाहुल्या गावोगावी फिरत असत. तरुणपणी श्वांकमायेर यांनी प्रागच्या नाट्य अकादमीत बाहुलीनाट्याचंच शिक्षण घेतलं. चेक बाहुलीपटांचे मोठे उस्ताद यिरी त्रन्का आधीच नावाजलेले होते, पण त्यांच्या बाहुल्या घडवलेल्या, देखण्या. श्वांकमायेर यांना सापडलेल्या वस्तू आवडतात: मोडलेली खेळणी, जुने बूट, दगड, हाडं, बटाटे, मांसाचे तुकडे.

१९६४ साली त्यांनी पहिला लघुपट केला. १९७० साली ते प्रागच्या अतिवास्तववादी कलावंतांच्या गटात सामील झाले; पत्नी एवा श्वांकमायेरोवा चित्रकार आणि त्याच वाटेवरची, त्यांच्या सिनेमांत तिचेही हात आहेत. हा काळ कम्युनिस्ट राजवटीचा. सोव्हिएत रणगाडे १९६८ साली प्रागमध्ये शिरले होते आणि नंतर कलावंतांवर पाळत वाढली. सत्तरच्या दशकात काही वर्षं श्वांकमायेर यांना स्वतःचे सिनेमे करायला बंदी झाली.

बंदीच्या त्या वर्षांत त्यांनी जे केलं ते मला, शाळेत कार्यानुभव शिकवणाऱ्या बाईला, फार महत्त्वाचं वाटतं. ते स्पर्शाच्या मागे लागले. बघायच्या नव्हे, चाचपायच्या वस्तू करू लागले. खरखरीत, गुळगुळीत, टोचरं, ओलसर, लोकरीचं. यातून मनात काय उठतं, याचे प्रयोग. त्यावर पुस्तकही लिहिलं. पुढे कॅमेरा परत हाती आला तेव्हा तो डोळ्यासारखा राहिला नव्हता, बोटासारखा झाला होता. १९८२ सालच्या 'संवादाच्या शक्यता' या लघुपटात भाजीपाला, भांडी आणि पुस्तकं यांची बनलेली डोकी एकमेकांना चावून गिळतात आणि ओकतात. त्याला बर्लिन महोत्सवात लघुपटांचं सुवर्ण अस्वल मिळालं. मायदेशी मात्र पक्षाच्या मंडळींना तो 'असं काही करू नये' याचा नमुना म्हणून दाखवला गेला. पाठोपाठ 'तळघरात' हा लघुपट आला. एक लहान मुलगी बटाटे आणायला तळघरात उतरते आणि तिथे जुने बूट तोंडं उघडून तिच्या पावावर झडप घालतात. हीच मुलगी पुढे ॲलिस झाली म्हणायला हरकत नाही.

'ॲलिस' हा त्यांचा पहिला पूर्ण लांबीचा सिनेमा. पैसा बराचसा बाहेरून आला: स्वित्झर्लंडची कोंडोर फिल्म्स, ब्रिटनची चॅनेल फोर वाहिनी, पश्चिम जर्मनीची हेसिशर रुंडफुंक. १९८९ साली फ्रान्समधल्या आनसी महोत्सवात त्याला पूर्ण लांबीच्या सिनेमाचा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षाच्या शेवटी तिकडची राजवटही गेली.

एका सेकंदाला बारा वेळा

वस्तू चालतात कशा, हे आता सांगते, कारण मी स्वतः करून पाहिलं आहे.

सिनेमाच्या एका सेकंदात चोवीस चित्रं असतात. स्टॉप-मोशनमध्ये वस्तू ठेवायची, एक फोटो घ्यायचा, वस्तू केसभर हलवायची, पुन्हा फोटो. बहुतेकदा एकेक फोटो दोन फ्रेम चालवतात, म्हणजे सेकंदाला बारा हालचाली पुरतात. एका मिनिटाला सातशेवीस. सशाने घड्याळ काढलं, चाटलं आणि ठेवलं, एवढ्यासाठी कुणीतरी शेकडो वेळा वाकून त्या सशाचा पंजा सरकवला आहे. 'ॲलिस'मधले असे बरेच पंजे बेद्रिख ग्लासेर यांनी सरकवले. श्वांकमायेर यांचे ते नेहमीचे ॲनिमेटर.

ही युक्ती आपल्याला परकी नाही. दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी भांडवल उभं करायला वाटाण्याच्या रोपाची वाढ टिपली होती. कुंडीत वाटाणा पेरायचा आणि रोज थोडी थोडी फिल्म फिरवायची. पडद्यावर रोप डोळ्यांदेखत वर येतं. पुढे त्यांनी काड्यापेटीतल्या काड्या नाचवल्या, 'आगकाड्यांची मौज' नावाने. काडी हलवा, कळ दाबा, काडी हलवा. प्रागमधला मोजा आणि नाशिककडची काडी यांच्यात सत्तर वर्षांचं अंतर आहे, पण हाताची मेहनत एकच.

सुट्टी संपवून मी शाळेत परतले आणि सहावीच्या वर्गाला म्हटलं, घरून एकेक फाटका मोजा आणा. दुसऱ्या दिवशी सत्तावीस मोजे आले. त्यातला एक धुतलेला नव्हता; त्याला खिडकीत वाळत घातला. मोज्यात ॲल्युमिनियमची तार आणि कापूस भरला. डोळ्यांना शर्टाची बटणं. फोन वह्यांच्या चळतीवर चिकटपट्टीने बसवला.

पहिल्या शनिवारी काही म्हणजे काही जमलं नाही. पंखा चालू होता, मागचा रंगीत कागद फडफडत होता. पंखा बंद केला तर पोरांना घाम. खिडकीतून ऊन सरकत होतं, त्यामुळे मोज्याच्या पाठीवरचा उजेड दर फोटोला बदलत होता. कुणाची तरी वेणी फोटोत आली. बाराव्या फोटोनंतर एक मुलगा हळूच म्हणाला, "बाई, हा हललाच नाही." मी म्हटलं, हलला आहे, तुला दिसला नाही एवढंच. दुसऱ्या शनिवारी खिडकीला काळा कागद लावला, एकच दिवा ठेवला, हात लावायला फक्त दोन जणी. शहाण्णव फोटो झाले. म्हणजे आठ सेकंद. त्या आठ सेकंदांत मोजा टेबलाच्या कडेवरून येतो, थांबतो, मान वर करतो आणि निघून जातो.

चालवून पाहिलं तेव्हा वर्गात एवढी शांतता झाली की शेजारच्या वर्गातलं गणित ऐकू आलं. मग ज्या मुलीने मोजा आणला होता ती म्हणाली, "बाई, हा आता परत घरी नेता येणार नाही." का गं? "आता तो मोजा नाहीये ना."

इतकी वर्षं कार्यानुभव शिकवूनसुद्धा मला ते असं सांगता आलं नसतं.

मोजा झोपतो कसा

आता तो मूळ मोजा. कॅरलच्या पुस्तकात अळी छत्रीसारख्या भूछत्रावर बसून हुक्का ओढते. श्वांकमायेर यांच्या सिनेमात ॲलिस एका खोलीत शिरते आणि तिथे लाकडी जमिनीतून मोजे अळ्यांसारखे वळवळत वर येतात, खाली जातात, फळ्यांना भोकं पाडतात. ॲलिसच्या पायातले मोजेही निसटून त्यांच्यात सामील होतात. त्यांपैकी एक मोजा पुढारी होतो. भूछत्राच्या जागी मोजे रफू करताना आत धरायचा लाकडी गोळा आहे. दांडा आणि वर गोलसर टोपी, दिसायला अगदी भूछत्र. मोजा त्यावर वेटोळं घालून बसतो. कवळी लावतो, काचेचे डोळे लावतो आणि मोठ्या माणसासारखा सल्ला देऊ लागतो.

सल्ला देऊन झाला की त्याला झोप येते. पण काचेच्या डोळ्यांना पापण्या कुठल्या? म्हणून सुई-दोरा येतो आणि डोळ्यांवरून मोजा शिवून टाकतो. टाका, टाका, टाका. डोळे मिटले. झोपला.

या दृश्यावर प्रेक्षागृहात मोठ्या माणसांनी तोंडं वाकडी केली. मला मात्र आईची रफूची टोपली आठवली. तिच्या हातातून निघालेल्या प्रत्येक मोज्याला टाचेशी असे दहा-बारा टाके असायचेच. रफू करायच्या साधनावर बसलेला मोजा टाक्यांनीच झोपणार, दुसरं काय करेल? या सिनेमातली विचित्र गोष्ट नीट पाहिली की बहुतेक वेळा अशी सरळ निघते. वस्तू आपापल्या धर्माने वागतात. शाई प्यायली की ॲलिस आक्रसून चिनी मातीची बाहुली होते, कारण बाहुली ही आक्रसलेली मुलगीच. पत्त्यांची राणी ज्यांची डोकी उडवायला सांगते त्यांची डोकी ससा कात्रीने उडवतो, कारण पत्ते कागदाचे. टोपीवाला लाकडी बाहुला, म्हणून तो चहा पितो आणि चहा त्याच्या पोकळीतून वाहून जातो. त्याच्या सोबतचा दुसरा ससा किल्लीचा, म्हणून किल्ली संपली की तो थांबतो आणि कुणीतरी ती परत द्यावी लागते.

खरी काळी बाजू मला कोठीघरात दिसली. ॲलिस एका मोठ्या बाहुलीच्या कवचात अडकते, जिवंत मुलीभोवती घट्ट साचा, आणि त्यातून फक्त तिचे डोळे बघत असतात. तिला कोठीघरात कोंडतात. फळ्यांवर बरण्या. पाव हातात घ्यावा तर त्यातून खिळे उगवतात. डबा उघडावा तर आत किडे. मांसाचा गोळा फळीवरून सरपटत जातो. आपल्या आजोळच्या कोठीच्या खोलीत एकटं जायला आपण ज्याला भीत होतो ते नेमकं हेच होतं. भूत नव्हे. बरणीत काय असेल ते.

मग मुलांना दाखवावा का?

हा प्रश्न मला बहिणीने त्या रात्री जरा रागानेच विचारला. उत्तर दोन भागांत आहे. पाच-सहा वर्षांच्या मुलाला दाखवू नये. आठ-नऊच्या पुढे, शेजारी बसून, मूल नको म्हणालं तर बंद करायची तयारी ठेवून, जरूर दाखवावा. मूळ चेक आवाज आणि खाली अक्षरं, किंवा इंग्रजी आवाज, असे दोन प्रकार मिळतात. मला चेक बरा वाटला. न कळणारी भाषा त्या ओठांना शोभते.

भाचीला मी घरी येताना रिक्षात विचारलं, भीती वाटली का? ती म्हणाली, "थोडी. त्या बाहुलीत अडकली तेव्हा." आणि मोजा? "मोजा मस्त होता." मग बराच वेळ गप्प. आणि मग, "मावशी, शेवटी ससा परत नाही आला ना पेटीत." बरोबर. ॲलिस जागी होते. खोलीत सगळं जागच्या जागी आहे, पत्ते, बाहुल्या, मोजे. पण काचेची पेटी फुटलेली आणि ससा नाही. पेटीखालच्या लपलेल्या खणात तिला सशाची कात्री सापडते. ती हातात घेऊन ॲलिस मनाशी म्हणते, आला तर त्याचं डोकंच उडवावं.

मला हा शेवट क्रूर वाटला होता. भाचीला वाटला नाही. तिच्या मते ससा उशिरा येणारच होता, त्याला नेहमीच उशीर होतो, आणि कात्री आता ॲलिसकडे आहे. एवढंच. खेळाचा हिशेब पुरा झाला.

तिसरा खण

सहावीचे मोजे परत करून झाले. त्या मुलीने आपला मोजा नेला नाही, तो माझ्या कपाटात राहिला, राखाडी, टाचेला भोक. एका रविवारी दुपारी घरात कोणी नव्हतं. खिडकीला काळा कागद लावला, दिवा ठेवला, फोन वह्यांवर बसवला. तिसरा खण ओढला. मूठ हातात आली नाही, आमचं टेबल बरं आहे.

डबीतून कवळी काढली. कोमट पाण्याने धुतली, कापसाचे तंतू टाचणीने काढले. हिरडीकडचा गुलाबी भाग हाताला अजून ओळखीचा होता, का ते सांगता येणार नाही, कारण अण्णांच्या तोंडात मी कधी हात घातलेला नाही. मोज्याच्या तोंडात ती नीट बसेना. तारेचा एक आकडा करून मागून अडकवली. एका बाजूला जरा वाकडीच बसली. अण्णांचीही तशीच बसायची, म्हणून ते डाव्या बाजूने हसायचे.

दात पुढे, फोटो. जरा आणखी पुढे, फोटो. मागे, फोटो. दोन तासांत चोवीस फोटो झाले. दोन सेकंद. मोजा तोंड उघडतो, दात बाहेर ढकलतो, आत घेतो.

चालवून बघितलं तर आवाज नव्हता. चमचा कपावर वाजवून पाहिला, तो फार चिनी मातीचा वाटला. सुपारीचा अडकित्ता वाजवला, तो फार लोखंडी. शेवटी तोंडानेच काढला, दातांवर दात, कटकट, आणि फोनवर मुद्रित केला. तुकडा भाचीला पाठवला.

फोनवर तो दोन सेकंदांचा तुकडा संपला की आपोआप पुन्हा सुरू होतो. आता 'परत' म्हणावं लागत नाही.